दावा मंजूर होतो, पैसे कापले जातात

मोटार विम्याबद्दल आपल्याकडे दोन समजुती पक्क्या रुजलेल्या आहेत. पहिली, विमा कंपन्या अपघातानंतर पैसे देतच नाहीत. दुसरी, पॉलिसी ‘कॅशलेस’ असली, म्हणजे कंपनी दुरुस्तीचे पैसे परस्पर गॅरेजला देणार असली, की गाडी गॅरेजच्या दारात सोडून घरी जावे, बाकी सगळे आपोआप होते. मागच्या वर्षी आमच्या गाडीला अपघात झाला आणि त्यानंतरच्या पत्रव्यवहारात या दोन्ही समजुती माझ्यापुरत्या निकालात निघाल्या. लायसन्स चालू असेल, पॉलिसी चालू असेल आणि कोणी दारू प्यायलेले नसेल, तर साधा दावा बहुतेक वेळा मंजूर होतो. खरा वाद रकमेचा असतो, आणि ती रक्कम कंपनीच्या कार्यालयात ठरण्याआधी गॅरेजच्या आवारात, गाडीचे बोनेट उघडून, सर्व्हेअर (म्हणजे नुकसान मोजणारा तज्ज्ञ) आणि गॅरेजचा माणूस यांच्या बोलण्यात ठरते. त्या वेळी गाडीचा मालक तिथे बहुधा नसतो. त्याने तिथे असावे, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

अपघात नवले पुलाच्या उतारावर झाला. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुण्याकडे येणारा हा लांबच लांब उतार साऱ्या महाराष्ट्राला बातम्यांमुळे ठाऊक झालेला आहे. २०२२ सालच्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका अवजड वाहनाने एकामागोमाग कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. आमचा प्रकार त्या मानाने किरकोळ होता. साताऱ्याहून परत येत होतो, मी गाडी चालवत होते, सासूबाई मागच्या सीटवर होत्या. पुढची वाहतूक थांबली म्हणून मीही थांबले. मागून आलेल्या भाजीच्या टेंपोला थांबता आले नाही. त्याने आम्हाला मागून धडक दिली आणि आमची गाडी पुढच्या गाडीवर जाऊन आदळली. सासूबाईंच्या मानेला हिसका बसला, पण सुदैवाने त्यापलीकडे कोणाला काही झाले नाही. गाडी मात्र दोन्ही बाजूंनी चेपली होती.

पुढच्या गाडीचे गृहस्थ उतरले आणि त्यांनी थेट माझ्याकडे पैसे मागितले, कारण त्यांच्या बंपरला लागलेली गाडी माझी होती. टेंपोचालक हात जोडून ‘ताई, जागेवरच मिटवून टाकू’ म्हणत होता आणि जमलेल्यांपैकी निम्म्यांचे मतही तेच होते. इथे एक गोष्ट सांगायला हवी. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत अशी अटच असते, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये, कोणाला पैसे देऊ नयेत आणि देण्याचे वचनही देऊ नये. रस्त्यावर माणुसकी म्हणून दिलेले पाच हजार रुपये पुढे ‘चालकाने दोष मान्य केला’ या वाक्यात रूपांतरित होऊ शकतात. मी त्या गृहस्थांना माझ्या पॉलिसीचा फोटो काढू दिला, त्यांच्या पॉलिसीचा मी काढला, आणि टेंपोचा नंबर ‘एमपरिवहन’ ॲपमध्ये घालून त्याचा विमा चालू आहे की नाही ते दोघांनी मिळून पाहिले. विमा चालू होता. त्यानंतर त्यांचा आवाज बराच खाली आला.

फोटोंच्या बाबतीत आपण सगळे एकच चूक करतो. चेपलेल्या भागाचे जवळून दहा फोटो काढतो आणि गाड्या कशा उभ्या होत्या, याचा एकही काढत नाही. गाड्या बाजूला घेण्यापूर्वी तिन्ही वाहने एका चौकटीत येतील असा बाजूने एक, तिन्ही नंबरप्लेट दिसतील असे दोन आणि रस्त्याची ओळख पटेल असा एक, इतके फोटो मुळात लागतात. वाहतूक तुंबलेली, मागून हॉर्न वाजत असलेले, अशा वेळी हे सुचणे कठीण असते. मला ते सुचले याचे श्रेय माझ्या भावाला आहे, कारण तो फोनवरून अक्षरशः ओरडत होता.

गाडी सुरू होत होती. सिंहगड रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ‘हळूहळू घेऊन जा’ असा सल्ला अनेकांनी दिला. खाली कूलंटचे हिरवे थारोळे साचलेले होते. फुटलेल्या रेडिएटरसह गाडी चालवली आणि इंजिन तापून बसले, तर त्या इंजिनाचा खर्च कंपनी देत नाही. दुरुस्तीपूर्वी गाडी चालवल्याने वाढलेले नुकसान मालकाच्या जोखमीवर, असे पॉलिसीत स्वच्छ लिहिलेले असते. म्हणून क्रेन बोलावली. प्रमाणित पॉलिसीत गाडी ओढून नेण्यासाठी फक्त १,५०० रुपये मिळतात, आणि क्रेनवाल्याने अर्थातच त्यापेक्षा बरेच जास्त घेतले. तरीही इंजिनापुढे ती रक्कम काहीच नाही.

पोलिसांकडे जावे की नाही, हा प्रश्न नेहमी पडतो. फक्त आपल्याच गाडीचे किरकोळ नुकसान असेल तर कंपन्या सहसा एफआयआर मागत नाहीत. पण कोणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, पोलिसांना कळवायचे असते आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचे असते. तीन वाहने गुंतलेली असल्यामुळे आम्ही चौकीत नोंद केली आणि तिची प्रत घेतली. ती प्रत पुढे फार उपयोगी पडली.

चूक टेंपोची असताना दावा मी माझ्या कंपनीकडे का करायचा, असा संताप मलाही आला होता. उत्तर असे, की टेंपोच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे त्या वाहनाने दुसऱ्यांचे केलेले नुकसान भरून देणाऱ्या विम्यातून, माझ्या गाडीचे नुकसान मागता येते, खासगी मोटारीच्या पॉलिसीत अशा मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख रुपये असते आणि व्यापारी वाहनांनाही ते संरक्षण असते. पण वाद झाल्यास तो मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. तिथे वकील, साक्षीपुरावे, तारखा हे सगळे आले. म्हणून बहुतेक लोक आपल्याच पॉलिसीच्या ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणाऱ्या, भागातून दुरुस्ती करून घेतात आणि टेंपोच्या कंपनीकडून वसुली करायची की नाही, हे आपल्या कंपनीवर सोडतात. हा व्यवहार सोयीचा आहे, न्याय्य मात्र नाही. कारण दुसऱ्याच्या चुकीसाठी केलेल्या या दाव्यामुळेही आपला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातोच. तो बोनस दोषावर ठरत नाही, दावा झाला की नाही यावर ठरतो.

गॅरेज कंपनीच्या यादीतले होते. तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, साहेब येणार आहेत का?’ साहेब येणार नव्हते. मग त्याने दाव्याचा अर्ज स्वतःच भरून माझ्यासमोर सहीसाठी ठेवला. हा अर्ज भरण्याचे काम गॅरेजवाले आनंदाने करतात, आणि तो वाचायला मागितला की त्यांना किंचित नवल वाटते. अपघाताचे वर्णन लिहायच्या चार ओळींच्या चौकटीत त्याने एकच वाक्य लिहिले होते: ‘मागून टेंपोने धडक दिली.’ पुढच्या गाडीचा उल्लेखच नव्हता. मी तो कागद बाजूला ठेवून नवा अर्ज मागितला आणि थांबलेली वाहतूक, मागून बसलेली धडक, त्या धक्क्याने पुढे ढकलली गेलेली आमची गाडी, तिन्ही वाहनांचे नंबर आणि पोलीस नोंदीचा क्रमांक असे सगळे क्रमाने लिहिले. चौकट पुरली नाही, तेव्हा वेगळा कागद जोडून त्यावर सही केली. पुढचा सारा पत्रव्यवहार या एका कागदाच्या आधाराने झाला.

दुरुस्तीचा अंदाज पन्नास हजारांच्या वर गेला होता. त्या रकमेच्या खालच्या दाव्यांत कंपनी आपल्या कर्मचाऱ्याकडून किंवा नुसत्या फोटो-व्हिडिओवरून नुकसान ठरवू शकते. त्याच्या वर परवानाधारक सर्व्हेअर लागतो. सर्व्हेअरची नेमणूक आणि फी कंपनीकडून होते, तरी कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. मी ॲडव्हायझरला सांगून ठेवले होते, की सर्व्हेअर येणार असतील त्याच्या आदल्या दिवशी मला कळवावे. त्याने कळवले नाही. मी रोज सकाळी फोन करत होते म्हणून ती वेळ मला सापडली.

सर्व्हेअर पन्नाशीचे, शांत, हातात टॅब घेतलेले गृहस्थ होते. त्यांनी आधी चासी नंबर ताडून पाहिला, मग मागची बाजू पाहिली. मागचा बंपर, डिकीचा दरवाजा, एक टेल लॅम्प, डिकीच्या तळाचा पत्रा, या सगळ्याला त्यांनी हरकत घेतली नाही. मग ते पुढे आले, बोनेट उघडले, फुटलेला रेडिएटर आणि वाकलेला एसीचा कंडेन्सर पाहिला आणि म्हणाले, ‘हा वेगळा इम्पॅक्ट आहे. मागून धडक बसल्यावर पुढे हे होत नाही. यासाठी दुसरा क्लेम टाका.’ ॲडव्हायझरने लगेच मान डोलावली. त्याला दुसरा क्लेम चालणार होता. त्याचे बिल दोन्ही प्रकारे निघणार होते.

दुसरा क्लेम टाकणे ऐकायला सोपे वाटते. त्यात आणखी हजार रुपयांची सक्तीची वजावट जाते, एवढेच वरवर दिसते. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक दाव्यामागे १,००० रुपये आणि त्यावरच्या मोटारीला २,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. पण दुसरा अर्ज म्हणजे दुसरी तारीख, दुसरी जागा आणि कधीच न झालेल्या अपघाताचे वर्णन, आणि त्याखाली माझी सही. खोट्या निवेदनाच्या आधारावर कंपनीला दोन्ही दावे फेटाळता येतात. गॅरेजमधला माणूस सहज सुचवतो, सर्व्हेअरही सहज सुचवतो, पण सही त्यांची नसते.

मी त्यांना पुढचा बंपर पाहायची विनंती केली. त्याच्या मधोमध, एकाच उंचीवर, दोन बारीक छिद्रे पडलेली होती आणि त्यांच्या भोवती पांढऱ्या रंगाचा पुसट आयत उमटला होता. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटचे दोन स्क्रू आणि तिची कड यांचा तो ठसा होता. मग मी मोबाइलवर तिन्ही वाहने एकमेकांना चिकटलेली दिसतात तो फोटो दाखवला. पुढच्या गाडीची नंबरप्लेट त्यात वाकलेली दिसत होती. सर्व्हेअर वाकून बराच वेळ त्या छिद्रांकडे पाहत राहिले, त्यांनी स्वतः तीन-चार फोटो घेतले आणि ‘मेल करून ठेवा’ एवढेच म्हणाले. मी त्याच दिवशी मेल केला. त्यात त्यांच्याशी झालेले बोलणे, ठशाचे वर्णन, फोटो आणि पोलीस नोंदीची प्रत जोडली आणि कंपनीच्या दावा विभागालाही प्रत पाठवली. तोंडी बोलण्याला या व्यवहारात काहीही किंमत नाही. ‘सर म्हणाले होते’ हे वाक्य कुठल्याही फाइलमध्ये लागत नाही.

आता कापाकापीकडे वळते, कारण बहुतेकांचा भ्रमनिरास इथे होतो. झिरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे घसारा कापला जाऊ नये यासाठीचे, जोड-संरक्षण घेतलेले नसेल, तर बदललेल्या भागांवर घसारा (भाग जुना झाल्यामुळे घटलेली किंमत) कापला जातो, आणि त्याचे दर पॉलिसीच्या पुस्तिकेतच छापलेले असतात. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीही नाही. पत्रा आणि इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. आमच्या गाडीला पाचवे वर्ष चालू होते आणि झिरो डेप नव्हते.

करांचा भाग बाजूला ठेवून एक हिशेब मांडते. समजा बंपर ६,००० रुपयांचा, बोनेट ९,००० रुपयांचे, पुढची काच ७,००० रुपयांची आणि रंगकाम १६,००० रुपयांचे आहे. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून त्याचे ३,००० मिळतात. पाचव्या वर्षातले बोनेट ५,८५० रुपये देते. काचेचे पूर्ण ७,००० मिळतात. रंगकामाचा हिशेब थोडा वेगळा आहे: एकत्रित बिल असेल तर त्याचा चौथा हिस्सा रंगाच्या साहित्याचा धरतात आणि त्या हिश्श्यावर ५० टक्के घसारा लावतात, म्हणजे १६,००० पैकी फक्त २,००० कापले जातात आणि १४,००० मिळतात. बेरीज २९,८५०, त्यातून सक्तीच्या वजावटीचे १,००० गेले की २८,८५०. बिल ३८,००० चे आहे, तेव्हा उरलेले ९,१५० रुपये ‘कॅशलेस’ असूनही गाडी नेताना आपण भरायचे. त्यात कूलंट, क्लिपा, नट-बोल्ट, एसीचा गॅस असल्या ‘कन्झ्युमेबल’ वस्तू मिळवा. त्या वेगळे जोड-संरक्षण नसेल तर मिळत नाहीत.

हा हिशेब डोक्यात असला की सर्व्हेअरच्या तक्त्यातल्या चुका नजरेला पडतात. आमच्या तक्त्यात संपूर्ण रंगकामावर ५० टक्के कापलेले होते. एक धातूचा कंस (ब्रॅकेट) प्लॅस्टिकच्या रकान्यात गेला होता. मागच्या दाराच्या जुन्या ओरखड्याचे पैसे नाकारले होते, आणि ते योग्यच होते. तो ओरखडा आमच्याच सोसायटीच्या खांबाची देणगी होती आणि गॅरेजने तो हळूच अंदाजपत्रकात घुसवला होता. गॅरेज आपल्या बाजूने आहे असे समजण्यात अर्थ नाही. त्याला बिल मोठे हवे असते, कंपनीला छोटे हवे असते, आणि दोघांमधल्या तडजोडीत ‘बदला’ऐवजी ‘दुरुस्त करा’ असा शेरा कुठल्या भागापुढे पडला, हे मालकाला शेवटच्या दिवशी कळते. आमच्या हेडलाइटचा, तो ज्यावर बसवतात तो, एक कान तुटला होता. सर्व्हेअरने तो चिकटवून चालेल असे लिहिले होते. कान चिकटवलेला हेडलाइट खड्ड्यांच्या रस्त्यावर किती टिकेल, हे मी मेलमध्ये विचारले आणि तो बदलून मिळाला.

मागितल्यास सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत विमाधारकाला मिळते. ती मागावीच. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डाई’ने, जून २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, नेमल्यापासून १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळवणे आणि अहवालानंतर ७ दिवसांत दाव्याचा निर्णय घेणे ही कंपनीची जबाबदारी आहे. कागदपत्रांच्या अभावी दावा फेटाळू नये, असेही त्यात म्हटले आहे. ‘सर्व्हेअरचा रिपोर्ट आला नाही’ हे उत्तर कॉल सेंटरवरून मला वारंवार मिळाले. परिपत्रकाचा हवाला देऊन मेल लिहिल्यावर ते उत्तर येणे थांबले. नियम ठाऊक आहेत असे दिसले की पलीकडचा माणूस बदलतो, निदान त्याची भाषा तरी बदलते.

कंपनीचा पहिला निर्णय आला तो पुढच्या नुकसानीचा अर्धा भाग मान्य करणारा होता. बंपर आणि ग्रिल मंजूर, रेडिएटर आणि कंडेन्सर नामंजूर. ठसा मान्य केल्यावर त्याच्या मागे चार बोटांवर असलेला कंडेन्सर नाकारायचे कारण पत्रात दिलेले नव्हते. मी तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिले: काय घडले, काय नाकारले, ते चुकीचे का, आणि किती रुपये येणे आहे. चार परिच्छेद, विशेषणे नाहीत. माझा पहिला मसुदा संतापाने भरलेला आणि तीन पानी होता. आमच्या ह्यांनी तो वाचून ‘हे वर्तमानपत्राला पाठव’ असे म्हटल्यामुळे दुसरा लिहिला. कंपनीने तक्रारीवर १४ दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर मुदतीत आले, रेडिएटर आणि कंडेन्सर मंजूर झाले, रंगकामाचा हिशेबही दुरुस्त झाला. कंस मात्र शेवटपर्यंत प्लॅस्टिकचाच राहिला, आणि त्या काही शे रुपयांसाठी मी पुढे गेले नाही.

पुढे जायचे असते तर रस्ता असा होता. इर्डाईचे ‘बीमा भरोसा’ हे तक्रारीचे संकेतस्थळ आहे. तिथे नोंदवलेली तक्रार कंपनीकडे जाते आणि तिच्यावर नियामकाची नजर राहते. त्यानंतर विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, की वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तिथे चालतात. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. लोकपालाचे पुण्यातले कार्यालय नारायण पेठेत केळकर रस्त्यावर आहे, मुंबईचे सांताक्रूझला आणि गोव्यातल्या तक्रारी पुण्याकडे जातात. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, तो पुराव्याने खोडून काढता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रदीप कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

पैसे मिळण्याच्या किंवा गाडी ताब्यात घेण्याच्या वेळी एका कागदावर सही मागतात. त्याला कोणी डिस्चार्ज व्हाउचर म्हणतात, कोणी सॅटिस्फॅक्शन व्हाउचर. ‘पूर्ण व अंतिम समाधान’ असे त्यावर छापलेले असते. रकमेबद्दल वाद बाकी असेल तर सहीशेजारी ‘रक्कम आक्षेप राखून स्वीकारली’ असे हाताने लिहावे आणि लगोलग तसाच मेल करावा. दबावाखाली सही घेतली असेल तर एवढ्या कारणावरून हक्क संपत नाही, असे न्यायालयांनी मानले आहे. पण तो दबाव नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा त्या चार शब्दांची शाई स्वस्त पडते.

ऐकीव गोष्टींपैकी दोन खोडून काढते. पीयूसी नसेल तर अपघाताचा दावा मिळत नाही, असा संदेश २०२० मध्ये जोरात फिरला होता, आणि तेव्हाच इर्डाईने तो समज चुकीचा असल्याचा खुलासा केला होता. दुसरी गोष्ट, गाडी मालक स्वतः चालवत असला तरच विमा लागू होतो. तसे नाही, मालकाच्या संमतीने चालवणाऱ्या, वैध लायसन्स असलेल्या कोणालाही तो लागू असतो. मात्र खासगी गाडीत पैसे घेऊन प्रवासी नेले, तर तो लागू राहत नाही. दर आठवड्याला गावी जाताना चार जण ‘शेअरिंग’वर घेणाऱ्यांनी आपली पॉलिसी एकदा वाचावी.

सासूबाईंच्या मानेला पट्टा लागला आणि तो खर्च आम्ही आरोग्य विम्यातही मागितला नाही, इतका तो कमी होता. गंभीर इजा असेल तर मात्र हा वेगळाच विषय होतो. भरपाईसाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे; त्याआधी बरीच वर्षे अशी मुदत नव्हती, त्यामुळे जुन्या माहितीवर ‘नंतर बघू’ म्हणणारे अडचणीत येतात. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची सरकारी तरतूद आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते.

नूतनीकरणाच्या वेळी अपेक्षेप्रमाणे नो क्लेम बोनस शून्यावर आला. तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशा पायऱ्यांनी वाढतो, आणि दावा केला की पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते. त्याची खरी किंमत मी या निमित्ताने काढली. ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये धरला आणि पुढच्या वर्षी ५० टक्के सवलत मिळणार होती असे मानले, तर पहिल्या वर्षी ४,०००, मग २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० असे पाच वर्षांत मिळून १०,००० रुपये जातात. गाडीची किंमत घटत जाते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. तरीही सात-आठ हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करू नये, हे यावरून उघड आहे. आमचा दावा त्याच्या कितीतरी पट होता, तेव्हा तो प्रश्न नव्हता.

कंपनी बदलावी असे घरात सर्वांचे मत होते. मी चार ठिकाणचे दर आणि पुस्तिका मागवल्या. घसाऱ्याचे तक्ते सगळीकडे तेच निघाले. शेवटी त्याच कंपनीकडे राहिले, झिरो डेप आणि कन्झ्युमेबल घेतले, आणि हप्ता कमी करण्यासाठी सुचवलेली जादा ऐच्छिक वजावट, म्हणजे दाव्यातली आणखी काही रक्कम आपणच सोसण्याची तयारी, नाकारली. झिरो डेप बहुतेक कंपन्या गाडीच्या पहिल्या पाच वर्षांपर्यंतच सहज देतात, नंतर खळखळ करतात किंवा तपासणी मागतात. आमच्या गाडीची तपासणी करायला आलेल्या मुलाने पुढचा बंपर वाजवून पाहिला आणि विचारले, ‘मॅडम, हा नवीन टाकलाय का?’ मी त्याला बिलाची प्रत दिली.